घरगुती मांजरांचे मूषकशिकारीचे शिक्षण

घरगुती मांजराच्या (शास्त्रीय नाव: फेलिस कॅटस) पिलाला उंदीर ओळखणे, त्याच्यावर दबा धरणे, त्याला पकडणे, ठार मारणे आणि खाणे या क्रिया वाढीच्या काळात ज्या रीतीने साध्य होतात, त्या प्रक्रियेस मूषकशिकारीचे शिक्षण असे म्हणता येईल. मांजर उंदीर धरते ही गोष्ट इतकी सर्वपरिचित आहे, की ती त्याला जन्मतःच येत असावी असे सहसा गृहीत धरले जाते. विसाव्या शतकातील प्रयोगांनी ही समजूत अर्धीच खरी ठरवली. झडप घालण्याच्या हालचाली बव्हंशी उपजत असतात. परंतु उंदीर हे भक्ष्य आहे ही ओळख, त्याला ठार मारण्याची तयारी आणि त्यातील सफाई यांचा विकास मुख्यतः आईच्या सहवासावर व पहिल्या काही महिन्यांतील अनुभवावर अवलंबून असतो. त्यामुळे सर्वच मांजरे उंदीर मारत नाहीत, आणि न मारणारे मांजर आळशी किंवा लाडावलेले असते असेही नाही.

पार्श्वभूमी

घरगुती मांजर फेलिस लिबिका या रानमांजरापासून उत्क्रांत झाले. पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी शेती सुरू झाली, धान्याचे साठे होऊ लागले, साठ्यांमागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजरे वस्तीत शिरली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. सायप्रस बेटावर माणसाच्या शेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला आहे. कुत्र्याला माणसाने कामासाठी निवडून निवडून घडवले. मांजराच्या बाबतीत तसे घडले नाही. उंदीर मारण्याचा गुण पाहून मांजरांची पैदास करण्याची रीत भारतात किंवा अन्यत्र फारशी रुजली नाही. शिकारी मांजरीची पिले शेजारी मागून नेतात, एवढीच काय ती निवड.

उपजत घटक

पिलाचे डोळे जन्मानंतर सुमारे सात ते दहा दिवसांत उघडतात. चौथ्या आठवड्यापासून त्याच्या हालचालींत दबा धरणे, अंग चोरून पुढे सरकणे, पुढच्या पायांनी दाबणे आणि तोंडाने धरणे हे तुकडे दिसू लागतात. ज्या पिलाने कधीही उंदीर पाहिलेला नाही तेही ओढलेल्या दोऱ्यावर अशीच झडप घालते. मांजराला सुमारे ८५ किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. माणसाची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ आहे. उंदरांचे एकमेकांशी चालणारे अतिउच्च स्वरातील चीत्कार माणसाच्या कानापलीकडचे असतात, मात्र मांजराच्या टप्प्यात येतात.

उंदीर जबड्याजवळ आल्यावर मांजराला तो स्पष्ट दिसत नाही; त्या वेळी मिशा पुढे वळतात आणि स्पर्शाने त्याच्या अंगाचा अंदाज घेतात. मारण्याचा चावा मानगुटीवर बसतो. सुळे मानेच्या मणक्यांमधील फटीत शिरतात व मज्जारज्जू तुटतो. मेंदूतील अधश्चेतक (हायपोथॅलॅमस) या भागास विद्युत् उद्दीपन दिल्यास मांजर शांतपणे उंदराच्या मानेचा वेध घेते, तर शेजारच्याच दुसऱ्या ठिकाणी उद्दीपन दिल्यास ते फिस्कारून रागाचा हल्ला करते, असे अमेरिकन संशोधक वासमन व फ्लिन यांनी १९६२ मध्ये दाखवले. यावरून शिकार व राग या मांजराच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे स्पष्ट झाले. ‘मांजराचे उंदराशी वैर’ हा बालकथांचा लाडका विषय असला तरी मांजराला उंदराचा राग येत नाही.

जर्मन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ पाउल लाइहाउझेन यांनी मांजरांच्या शिकारीचे दीर्घकाळ निरीक्षण केले. टपून बसणे, माग काढणे, पकडणे, मारणे व खाणे यांना स्वतंत्र प्रेरणा असतात आणि त्या वाढीच्या काळात जोडल्या जाऊन एक साखळी बनते, असे त्यांचे प्रतिपादन होते. साखळीतील ‘मारणे’ ही कडी सर्वांत उशिरा व सर्वांत अनिश्चितपणे जोडली जाते. उंदीर पकडून आणणारे, पण त्याचे पुढे काय करावे हे न कळणारे मांजर अनेक घरांत आढळते, त्याचे कारण येथे आहे.

आईकडून होणारे शिक्षण

पिले साधारण चार आठवड्यांची झाली की आई मेलेला उंदीर त्यांच्यासमोर आणून खाऊ लागते. पुढे ती स्वतः न खाता तो त्यांच्यापुढे ठेवते. त्यानंतरच्या आठवड्यांत ती जिवंत, बहुधा अर्धमेला उंदीर आणून सोडते व बाजूला बसते. उंदीर निसटू लागला तर ती तो पुन्हा पकडून पिलांमध्ये टाकते. पिले सरावली की तिचा हस्तक्षेप कमी होत जातो. भक्ष्य आणताना ती विशिष्ट आवाजात पिलांना बोलावते. लाइहाउझेन यांच्या निरीक्षणानुसार लहान उंदरासाठीची हाक आणि मोठ्या उंदरासाठीची हाक वेगळी असते, व दुसरी हाक ऐकून पिले जपून पुढे येतात.

हे वर्तन ‘शिकवणे’ या संज्ञेस पात्र आहे काय, याविषयी बराच विचार झाला आहे. टी. एम. कारो व मार्क हाउझर यांनी १९९२ मध्ये प्राण्यांतील अध्यापनाची एक व्याख्या मांडली. अननुभवी जिवासमोर आपले वर्तन बदलणे, त्यात स्वतःचा तात्काळ लाभ नसणे किंवा थोडा तोटाच असणे, आणि त्यायोगे समोरच्याला ते कौशल्य लवकर येणे, अशा तिच्या अटी आहेत. मांजरीचे वर्तन या व्याख्येच्या प्रमुख उदाहरणांपैकी एक मानले जाते. स्वतः खाता आला असता असा उंदीर ती सोडून देते, हे त्यात महत्त्वाचे.

मांजर आपली पिले सात घरे फिरवते, असा समज महाराष्ट्रात आहे. सात हा आकडा अर्थातच लोकसंकेत आहे. पण वास माग लागू नये किंवा धोका टळावा म्हणून मांजरी पिलांना मानगुटीला धरून खरोखरच जागा बदलते. भक्तिमार्गातील चर्चेत ‘मार्जारकिशोरन्याय’ याच दृश्यावरून आला: पिलू काहीही करत नाही, आई त्याला उचलून नेते. शिकारीच्या बाबतीत मात्र हा न्याय लागू पडत नाही. तेथे आई उंदीर पुढ्यात टाकते आणि उरलेले काम पिलालाच करावे लागते.

कुओ यांचे प्रयोग

चिनी मानसशास्त्रज्ञ झिंग-यांग कुओ यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयातील सर्वाधिक उल्लेखिला जाणारा आहे. प्राण्यांच्या वर्तनाचे स्पष्टीकरण ‘सहजप्रेरणा’ या एका शब्दाने देण्यास कुओ यांचा विरोध होता, आणि मांजर व उंदीर ही त्या शब्दाची सर्वांत हुकमी जोडी असल्यामुळेच त्यांनी ती निवडली. त्यांनी पिलांचे तीन गट केले.

पहिल्या गटातील २० पिले एकटी वाढवली. त्यांपैकी ९ पिलांनी चार महिन्यांची होईपर्यंत उंदीर मारला. दुसऱ्या गटातील २१ पिलांना आई उंदीर मारताना पाहावयास मिळाली. त्यांतील १८ पिले उंदीर मारू लागली. तिसऱ्या गटातील १८ पिले लहानपणापासून उंदरासोबत एकाच पिंजऱ्यात वाढली. त्यांतील फक्त ३ पिलांनी उंदीर मारला, आणि तोही वेगळ्या जातीचा. सोबत वाढलेल्या जातीच्या उंदराला एकानेही मारले नाही.

प्रयोगाचा पुढचा भाग कमी सांगितला जातो, पण तो अधिक उद्बोधक आहे. न मारणाऱ्या पिलांना कुओ यांनी नंतर मोठी मांजरे उंदीर मारताना दाखवली. एकट्या वाढलेल्या ११ पिलांपैकी ९ पिले त्यानंतर मारू लागली. उंदरांसोबत वाढलेल्या १५ पिलांपैकी मात्र केवळ एकच. म्हणजे अनुभवाचा अभाव पुढे भरून काढता येतो, पण लहानपणी उंदराशी झालेली सलगी सहजासहजी पुसली जात नाही. आई ज्या प्रकारचा उंदीर मारत असे त्याच प्रकारावर पिलांचा ओढा राहतो, हेही या प्रयोगांत दिसले.

कुओ यांचा निष्कर्ष कधीकधी ‘मांजर सर्व काही शिकूनच करते’ असा सांगितला जातो, तो चुकीचा आहे. एकट्या वाढलेल्या २० पिलांपैकी ९ पिलांनी कोणीही न दाखवता उंदीर मारला, ही संख्या उपजत घटकाची साक्ष देते.

नंतरचे संशोधन

१९६९ मध्ये फिलिस चेस्लर यांनी शिकारीबाहेरचे एक काम घेऊन प्रयोग केला. दिवा लुकलुकल्यावर दांडी दाबली की अन्न मिळे. आईला हे करताना पाहणारी पिले ते लवकर शिकली, अनोळखी मांजरीला पाहणारी उशिरा शिकली, आणि कोणालाही न पाहता स्वतःच धडपडणारी पिले शिकलीच नाहीत. पिलू केवळ पाहून शिकते एवढेच नव्हे, तर कोणाकडे पाहते यालाही महत्त्व आहे, हे यातून पुढे आले.

कारो यांनी १९८० च्या सुमारास आईच्या उपस्थितीत जिवंत भक्ष्याचा अनुभव मिळालेल्या पिलांची तुलना तसा अनुभव न मिळालेल्यांशी केली. सहा महिन्यांच्या वयात पहिला गट शिकारीत सरस ठरला. याउलट वस्तूंशी खेळण्याचा अनुभव व पुढील शिकारकौशल्य यांत अपेक्षित असा ठळक संबंध त्यांना आढळला नाही. दोऱ्याच्या रिळामागे धावणारे पिलू ‘उंदराचा सराव’ करत असते ही सर्वमान्य कल्पना त्यामुळे जपून वापरावी लागते.

भूक, खेळ आणि शिकार

उंदीर धरावेत म्हणून मांजराला अर्धपोटी ठेवण्याची रीत गावोगाव आढळते. तिला आधार नाही. रॉबर्ट अॅडमेक यांनी १९७६ मध्ये आवडते अन्न खात असलेल्या मांजरांसमोर उंदीर सोडला. मांजरांनी खाणे थांबवले, उंदीर मारला, आणि ती पुन्हा आपल्या अन्नाकडे वळली. पकडण्याची प्रेरणा भुकेवाचूनही जागी होते. भुकेचा प्रभाव पडतो तो मारण्यावर. मॅक्सीन बिबेन यांच्या १९७९ मधील निरीक्षणांनुसार मांजर भुकेले असेल तर भक्ष्य मारले जाण्याची शक्यता वाढते, भक्ष्य मोठे असेल तर ती घटते. पोट भरलेले असताना किंवा भक्ष्य अवघड असताना मांजर त्याच्याशी अधिक खेळते.

उंदराशी चाललेला हा खेळ पाहणाऱ्याला क्रूर वाटतो. परंतु उंदीर चावतो, आणि डोळ्याला किंवा नाकाला झालेली जखम मांजराला महागात पडते. पंजाने उडवणे, सोडणे, पुन्हा दाबणे यांतून भक्ष्य थकते आणि चावा घेण्याजोगे होते. अननुभवी मांजरात हा खेळ लांबतो. सराईत मांजर बहुधा एका चाव्यात काम संपवते. त्याशिवाय, उपाशी मांजर वस्तीतील उकिरड्याकडे व शेजाऱ्याच्या दुधाकडे वळते, उंदराच्या बिळापाशी तासभर बसून राहत नाही.

भक्ष्याचा आकार

महाराष्ट्रातील घरांभोवती आढळणारे ‘उंदीर’ एकाच जातीचे नसतात. घरउंदीर जेमतेम १० ते २५ ग्रॅमचा असतो. माळ्यावर, कौलांखाली वावरणारा काळा उंदीर साधारण १०० ते २०० ग्रॅमचा. गटारांतील तपकिरी उंदीर त्याहून बराच मोठा, आणि थोरली घूस एक किलोच्या घरात जाऊ शकते. तीन-चार किलोच्या मांजरासाठी घूस हे भक्ष्य कमी व प्रतिस्पर्धी जास्त असते. जेम्स चाइल्ड्स यांनी १९८० च्या दशकात बाल्टिमोर शहरात पाहिले तेव्हा मांजरे मुख्यतः लहान, वाढत्या वयातील उंदीरच मारत होती. न्यू यॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका कचरा-प्रक्रिया केंद्रात मायकेल पार्सन्स व सहकाऱ्यांनी ७९ दिवस कॅमेरे लावले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींत उंदरांवर हल्ल्याचे तीनच प्रयत्न आणि दोनच बळी आढळले. उंदीर मात्र मांजर असताना बाहेर येणे टाळत. मांजर आल्यावर उंदीर ‘गेले’ असे घरमालकाला वाटते, त्यात मारले गेलेल्यांपेक्षा दडलेल्यांचा वाटा मोठा असू शकतो.

चिचुंद्री दिसायला उंदरासारखी असली तरी ती कृंतक वर्गातील नाही. तिच्या अंगाला कस्तुरीसारखा उग्र दर्प येतो. मांजर तिला मारते, पण बहुधा खात नाही. सकाळी उंबऱ्यावर सापडणारी अखंड मेलेली चिचुंद्री हा त्याचा पुरावा होय.

प्लेग आणि मांजरे

महाराष्ट्रात मांजराच्या या गुणाकडे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने पाहिले गेले ते प्लेगच्या काळात. १८९६ मध्ये मुंबईत व १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले. रोग पिसवांमार्फत उंदरांकडून माणसाकडे येतो हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये मांडले, आणि १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्लेग-संशोधन मंडळाने ते पक्के केले. मुंबईत साथ आधी गटारांतील तपकिरी उंदरांत पसरते आणि मग घरांतील काळ्या उंदरांत येते, असाही क्रम त्यांना दिसला. माणसाच्या अंथरुणापर्यंत रोग आणणारा हा काळा उंदीर मांजराच्या आवाक्यातला होता.

अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी यावर एक साधा उपाय सुचवला: घरोघर मांजरे पाळावीत. गावांतील मांजरांची संख्या व प्लेगचा प्रादुर्भाव यांची त्यांनी तुलना केली, आणि जेथे मांजरे पुरेशी आहेत तेथे प्लेग मूळ धरत नाही असे मत १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले. त्याच सुमारास जपानमध्येही मांजरे पाळण्याचा प्रचार झाला व रॉबर्ट कॉख यांनी त्याला पाठिंबा दिला. विषप्रयोग व सापळ्यांना लोकांचा विरोध असताना, ज्याच्याविषयी कोणाचीच तक्रार नव्हती असा हा उपाय होता.

ब्यूकॅनन यांच्या युक्तिवादातील उणीव आज सहज दिसते. मांजरांच्या संख्येवरून उंदीर मारणाऱ्या मांजरांची संख्या कळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या कणग्यांच्या आसपास पिले वाढवणाऱ्या मांजरींचे गाव आणि बाहेरून मांजरे आणून सोडलेले गाव यांत फरक पडणार. शिवाय मांजर स्वतः प्लेगला बळी पडते व रोग माणसापर्यंत आणू शकते, हे पुढे निश्चित झाले. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले, तेव्हा कीटकनाशके व प्रतिजैविके हीच साधने वापरली गेली. मांजरांचा उपाय कोणी पुढे आणला नाही.

शहरीकरणाचा परिणाम

पिलाला शिकण्यासाठी शिकारी आई, उपलब्ध उंदीर व पुरेसा काळ या तीन गोष्टी लागतात. शहर वाढत जाते तसतशा या तिन्हींची सांगड सुटते. पवना नदीच्या काठावरील पुनावळे हे मूळचे मुळशी तालुक्यातील गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. मुंबई–बेंगळूरु महामार्ग आणि जवळचे हिंजवडी यांमुळे तेथे शेतांच्या जागी बहुमजली गृहसंकुले उभी राहिली. भाताची कणगी, कडब्याची गंज व जनावरांचा गोठा असलेल्या घरात मांजरीला पिलांपुढे टाकण्यासाठी उंदीर दाराशीच मिळत. गृहसंकुलात उंदीर असतात, पण ते तळघरातील वाहनतळात, नळमार्गांत आणि कचऱ्याच्या खोलीत; मांजर मात्र आठव्या मजल्यावर कोरड्या खाद्यावर वाढते. दरम्यान रस्त्यावरची मांजरी पिलांसह त्याच वाहनतळात राहते आणि तिची पिले शिकतात.

सर्वाधिक नुकसान पिलू लवकर तोडण्याने होते. पिलू बशीतील दूध पिऊ लागले की ते देऊन टाकण्याची पद्धत आहे. हे वय चार-पाच आठवड्यांचे, म्हणजे नेमके आई उंदीर आणू लागते तेव्हाचे. अशा पिलाकडून पुढे दुकानातील किंवा तळमजल्यावरील उंदरांचा बंदोबस्त होईल ही अपेक्षा अनेकदा फसते, आणि ‘निरुपयोगी’ ठरलेले मांजर पोत्यात घालून दूर सोडून दिले जाते. पाळीव प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार गुन्हा आहे. उंदरांसाठीच मांजर हवे असल्यास शिकारी मांजरीचे, किमान आठ आठवडे, शक्य तर तीन महिने आईजवळ राहिलेले पिलू घेणे किंवा शिकार येत असलेले मोठे मांजर आणणे हे अधिक खात्रीचे असते. मोठे मांजर नव्या जागी आणल्यावर काही आठवडे बंदिस्त ठेवावे लागते, नाहीतर ते जुन्या घराच्या शोधात निघून जाते.

धोके

शेतांत झिंक फॉस्फाइड आणि घरांत ब्रोमाडिओलोन ही उंदीरनाशके सर्रास वापरली जातात. ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही; तो काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो. शिकाऊ पिलाच्या हाती सर्वांत आधी असाच उंदीर लागतो. वारंवार असे उंदीर खाल्ल्यास मांजराच्या रक्ताची गोठण्याची क्षमता नष्ट होते. हिरड्या पांढुरक्या पडणे, धाप लागणे, नाकातून किंवा विष्ठेतून रक्त जाणे ही लक्षणे काही दिवसांनी दिसतात. वेळेवर के जीवनसत्त्व दिल्यास मांजर वाचू शकते. मांजर ठेवणे आणि विषारी आमिष ठेवणे हे दोन उपाय एकाच घरात एकत्र चालत नाहीत.

टोक्सोप्लाझ्मा गोंडाय हा एकपेशीय परजीवी मांजराच्या आतड्यात लैंगिक पुनरुत्पादन करतो. बहुतेक मांजरांना त्याची लागण शिकार सुरू करण्याच्या वयात, संसर्ग झालेला उंदीर खाल्ल्याने होते. त्यानंतर एक ते तीन आठवडे त्यांच्या विष्ठेतून परजीवीची बीजे बाहेर पडतात; गर्भवती स्त्रियांनी या काळात मांजराची विष्ठा हाताळणे टाळावे लागते. लागण झालेल्या उंदरांना मांजराच्या वासाची वाटणारी स्वाभाविक भीती कमी होते, असे ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी २००० मध्ये दाखवले. त्यामुळे असा उंदीर निरोगी उंदरापेक्षा सहज मांजराच्या तावडीत सापडू शकतो.